एंजलची अंडी आणि सासूबाई

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि आमच्या एंजल माशांनी पहिल्यांदा घातलेली अंडी, या दोन गोष्टी साधारण एकाच सुमाराला झाल्या. त्यामुळे मला त्या वेगवेगळ्या आठवतच नाहीत.

सासूबाई उत्तनजवळच्या पालीच्या. घर समुद्राला लागून, गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर माणसाने कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. सासरे गेल्यापासून त्या माझ्या मेव्हण्याकडे राहायच्या. पण तिथलं घर दोन पायऱ्या चढा, तीन उतरा असं, आणि नव्या गुडघ्याला पायऱ्या चालणार नव्हत्या. म्हणून बायकोने त्यांना भाईंदरला, जेसल पार्कला आमच्याकडे आणलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, आणि हॉलच्या शेजारीच बाथरूम. त्यांचा पलंग हॉलमध्ये लावला. पलंगाच्या बरोबर समोर माझा फिशटँक होता. दुसरी जागाच नव्हती.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सासूबाईंचं आणि माझं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं. "बरे हाव ना?" त्या विचारायच्या. "हो आई, तुम्ही कशा आहात?" मी विचारायचो. मग त्या पदर सावरून आत निघून जायच्या. जावई खोलीत आला की सासूने बसून राहायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आता पाय बांधलेला, उठून जाता येत नव्हतं, आणि मीही ऑफिसातून आलो की हॉलमध्येच असायचो. पहिले काही दिवस आम्ही दोघंही टीव्हीकडे बघत बसायचो. टीव्ही बहुतेक वेळा बंद असायचा.

एका संध्याकाळी मी माशांना खाणं घालत होतो. त्या म्हणाल्या, "जावई, ह्ये म्हावरं खायाचं न्हाय?"

"नाही आई. शोभेचं आहे."

"मंग याला तुमी खायाला घालता?"

"हो."

त्यांनी जरा विचार केला. जन्मभर पहाटे बंदरावर जाऊन टोपली भरून आणायची आणि बाजारात बसून विकायची, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. "बरं हाय त्यांचं," त्या म्हणाल्या.

टँकमध्ये सहा एंजल होते. लहान असताना आणलेले, हाताएवढे झालेले. त्यातल्या दोघांची जोडी जमली होती, म्हणजे तसं मला वाटत होतं. ते दोघं फिल्टरच्या पाइपजवळची जागा अडवून बसायचे आणि बाकीच्यांना फिरकू द्यायचे नाहीत. म्हणून बाकीचे चौघे मी एका सहकाऱ्याला देऊन टाकले. त्यानंतरच्याच रविवारी, सकाळी चहा घेताना, त्यातला मोठा मासा पाइपवर खालून वर सरकत एकेक अंडं चिकटवताना दिसला. मोहरीपेक्षा लहान, पारदर्शक दाणे, एका रांगेत. मी कप खाली ठेवला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, अंडी घातली."

"कुनी?" पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

बायको लाटणं हातात घेऊनच आली. तिघं मिळून आम्ही बघत राहिलो. मोठा मासा बाजूला झाला की धाकटा तसाच त्या रांगेवरून सरकायचा. मग दोघं पंखांनी अंड्यांना वारा घालायला लागले. मी त्या दिवशी जेवायलासुद्धा टँकसमोरच बसलो.

दुसऱ्या दिवशी उठून बाहेर आलो तर पाइप स्वच्छ. एक दाणा शिल्लक नाही.

"खाल्ली," सासूबाई म्हणाल्या. त्या आधीच उठून बसल्या होत्या.

"कोणी?"

"त्यांनीच. मी बगत व्हते. शुक शुक केलं, टाली वाजवली. उटता आलं असतं तर काच तरी ठोकली असती." त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "सोत्ताची अंडी कशी खाववतात वो?"

मी त्यांना सांगितलं की नव्या जोडप्याचं असं होतं, सुरुवातीला घाबरून खातात, पुढे शिकतात. हे मी मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये ऐकलं होतं. त्यांना ते फारसं पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं पटलं.

पुढच्या खेपेला मी तयारीत होतो. किचनच्या कामातून उरलेला कडाप्प्याचा एक पातळ तुकडा टँकमध्ये तिरका उभा केला. अंडी त्यावरच घातली गेली. मी तो तुकडा अलगद उचलून एका छोट्या टँकमध्ये ठेवला, शेजारी हवेची नळी सोडली, बुरशी धरू नये म्हणून दुकानातलं निळं औषध थेंब थेंब टाकलं. पाणी शाईसारखं झालं. दुसऱ्या दिवशी अर्धी अंडी पांढरी पडली. तिसऱ्या दिवशी सगळी. वर कापसासारखं काहीतरी उगवलं.

मग पुन्हा. आणि पुन्हा. अंडी वेळच्या वेळी यायची, त्यात खंड नाही. आणि प्रत्येक वेळी पांढरी व्हायची. मी ठरवलं की दोष पाण्याचा आहे. आमच्या सोसायटीत एक दिवस नळाचं पाणी, एक दिवस टँकरचं, कधी दोन्ही मिसळलेलं. त्यात काय असतं हे देवाला माहीत. म्हणून मी बाल्कनीत दोन मोठे ड्रम आणून ठेवले. नळाचं पाणी भरायचं, क्लोरीन उडेपर्यंत ते मुरू द्यायचं, मग वापरायचं. ड्रम आले आणि कपडे वाळत घालायची जागा गेली.

"घरात माणसं तीन," बायको ओल्या चादरी सोफ्यावर पसरत म्हणाली, "आणि पाणी कोणासाठी साठवतोयस तू?"

"थोडेच दिवस."

"तू मागच्या वेळीही हेच बोललास. आईला टॉवेल वाळवायला जागा नाहीये."

"माझा टॉवेल ऱ्हाऊ दे," पलंगावरून आवाज आला. "पानी असू दे त्यांना."

बायकोने वळून आईकडे बघितलं. आईने तिची बाजू सोडल्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

मग मी हीटर बदलला. जागा बदलली. टँकच्या एका बाजूला काळा कागद लावला, म्हणजे माशांना निवांत वाटेल. औषध कमी केलं, वाढवलं, बंद केलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एंजलच्या अंड्यांबद्दल वाचत बसायचो. शेजारी बसणारा सहकारी, ज्याने माझे चार मासे नेले होते, तो विचारायचा, "काय, बारसं कधी?" नंतर नंतर त्यानेही विचारणं सोडलं.

या सगळ्यात मी दिवसभर घरी नसायचो. सासूबाई असायच्या. मी घरी आलो की त्या मला दिवसाची हकिगत सांगायला लागल्या होत्या. कोण कोणाला टोचलं, कोणी खाल्लं नाही, कोण कोपऱ्यात रुसून बसलं. बूट काढता काढता मी ऐकायचो. मोठ्या माशाला त्या 'मोठी' म्हणायच्या आणि दुसऱ्याला 'धाकटा'.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आज परत घातली अंडी. आदी मोठीने घातली, मंग धाकट्याने घातली."

"धाकटा नर आहे, आई. तो नुसता वरून फिरतो."

"ता मला म्हाईत न्हाय. पन त्याच्या पोटातून पन दाने येत व्हते. मी चष्मा लावून बगितलं."

माझ्या हातात एक बूट तसाच राहिला. मी टँकपाशी जाऊन गुडघ्यावर बसलो. कडाप्प्यावर नेहमीच्या दुप्पट अंडी होती. आणि धाकट्याच्या पोटाखाली अंडी घालायची तशीच जाडसर नळी दिसत होती जशी मोठीच्या पोटाखाली होती. एंजलमध्ये नर-मादी वरवर ओळखूच येत नाहीत. नर नसला तर दोन माद्या आपापसात जोडी करतात, जागा साफ करतात, अंडी घालतात, वारा घालतात, सगळं अगदी रीतसर. फक्त त्या अंड्यांतून कधी काही निघत नाही. हे मी वाचलं होतं. दुसऱ्यांच्या बाबतीत.

बायको आतून आली. "काय झालं?"

"दोन्ही माद्या आहेत."

ती टँककडे बघत राहिली, मग बाल्कनीतल्या ड्रमकडे, मग माझ्याकडे. "म्हणजे इतके दिवस तू या दोघींसाठी पाणी मुरवत होतास?"

आधी ती हसली. मग मला हसू आलं. सासूबाईंना गोष्ट समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला, मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्यासमोर त्या कधी हसल्या नव्हत्या. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

नर शोधणं सोपं नव्हतं. भाईंदर पश्चिमेला मी नेहमी जातो त्या दुकानातल्या भाईंनी तर हातच वर केले. "देखो, एंजल में गॅरंटी कोई नहीं देगा," ते म्हणाले. "बडे सर वाला ले जाओ. नर निकला तो आपका नसीब." मी बराच वेळ काचेला नाक लावून कपाळं बघत उभा होतो. शेवटी एक काळसर पट्ट्यांचा, कपाळाला उंचवटा असलेला मासा आणला.

तो नरच निघाला. पण त्याला मोठी आवडली नाही. त्याने पहिल्याच दिवशी तिला टँकभर पळवलं, तिचा एक पंख फाडला. मी मध्ये काच घालून तिला बाजूला केलं. धाकटीशी मात्र त्याचं लगेच जमलं. ती दोघं कडाप्पा साफ करायला लागली आणि मोठी काचेपलीकडून बघत राहिली.

"आता मोठीचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"राहील तिकडे. खायला-प्यायला काही कमी नाही."

"एकलीच?"

मी मधली काच नीट बसवली. तेव्हापासून मी पाहिलं, त्या बसायची जागा बदलून बसायला लागल्या, मोठीच्या बाजूला.

आणि मग ती खेप आली जिच्यात अंडी पांढरी झाली नाहीत. ती मधाच्या रंगाची झाली, मग प्रत्येकात एक काळा ठिपका दिसला, मग ठिपक्याला शेपटी. एके दिवशी सगळा कडाप्पा थरथरत होता. केसाएवढ्या शेपट्या, कडाप्प्याला चिकटून, एकत्र हलत असलेल्या. सासूबाई आता वॉकर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या. त्यांना रोज ठरावीक फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. प्रत्येक फेरी टँकशी थांबायची.

पिल्लं पोहायला लागायच्या आधी त्यांच्या खाण्याची सोय करायला हवी होती. आर्टेमिया नावाची एक बारीक कोळंबीसारखी जात असते. तिची सुकी अंडी मिळतात. मिठाच्या पाण्यात टाकून खालून हवा सोडली की दिवसभरात त्यातून नारिंगी धुळीसारखे जीव निघतात. मी थंड पेयाची बाटली कापून, उलटी टांगून, किचनच्या खिडकीत ही व्यवस्था केली. किचनला खाजणातल्या खाऱ्या चिखलासारखा वास यायला लागला. बायकोने नाकाला पदर लावून स्वयंपाक केला, पण बाटली काढायला सांगितलं नाही. सासूबाईंनी बाटलीत टॉर्च मारून बघितलं.

"ह्यो तर जवला," त्या म्हणाल्या. "लय बारीक जवला."

पिल्लं पोहली. खाल्लीही. त्यांची पोटं नारिंगी दिसायला लागली, आणि ती नारिंगी पोटं बघून आम्ही तिघंही जेवढे खूश झालो तेवढे बहुधा मेव्हण्याच्या मुलाच्या बारशालाही झालो नसू. त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांचं थोडं पाणी बदललं. ड्रममधलंच, मुरवलेलं. पण त्या दरम्यान सोसायटीची टाकी धुतली होती आणि बहुतेक औषधाचं पाणी ड्रममध्ये आलं होतं. की आणखी काही होतं, मला अजून कळलेलं नाही. सकाळी बघितलं तर सगळी तळाशी. पांढऱ्या धाग्यांसारखी.

बायको कामाला गेली होती. मी त्या दिवशी उशिरा जाणार होतो. मी टँकसमोर खाली बसलो, आणि बसूनच राहिलो.  सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, टँककडे बघितलं, वॉकर पुढे घेतला आणि हळूहळू किचनकडे गेल्या. आमच्याकडे आल्यापासून त्या किचनमध्ये एकट्या गेल्या नव्हत्या. भांड्यांचा आवाज आला. गॅस पेटल्याचा आला. मी उठायला हवं होतं, पण उठलो नाही. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"जावई, चा ठेवलाय. वॉकर धरून मला आनता येनार न्हाय. हित या."

मी गेलो. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी आढेवेढे न घेता बसून घेतलं. मीही समोर बसलो. आम्ही चहा प्यालो.

"तुमचे सासरे बोटीवरून यायचे," त्या म्हणाल्या. "कवा भरून यायचे, कवा मोकले. मोकले आले ता मी काय इचारायची न्हाय. शेजारच्या बायका इचारायच्या, काय गावलं, किती गावलं. मी न्हाय. भात वाढायची. जेवले का मंग आपसूक बोलायचे. वारा कसा व्हता, जालं कुटं फाटलं. मी आयकायची. मला त्यातलं सगलं समजायचं असं न्हाय."

एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. आणि मग मीच बोलायला लागलो. पाण्याबद्दल, टाकीबद्दल. मग लहानपणीच्या गिरगावातल्या आमच्या एका खोलीबद्दल, जिथे माणसांना झोपायला जागा नव्हती तिथे मासे कुठे ठेवणार, आणि तरी मी काचेच्या बरणीत एक गप्पी मासा पाळायचो त्याबद्दल. भाईंदरला घर घेतलं तेव्हा बाकी सगळ्यांनी किचन कुठे, बेडरूम कुठे ते बघितलं आणि मी टँकची भिंत बघितली होती, हेही सांगितलं. हे मी बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. सासूबाई ऐकत होत्या. मधे त्यांनी फक्त कपात आणखी चहा ओतला.

"परत घालतील ना अंडी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घालतील."

"मंग जावा हापिसात. उशीर झाला."

तोपर्यंत त्यांचा गुडघा पुष्कळ सुधारला होता. मेव्हण्याचा फोन आला की न्यायला कधी येऊ. बायकोने फोन आईकडे दिला. "आता न्हाय येत," त्या म्हणाल्या. "हित काम हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "पिल्लं होनार हायत. झाली का येते." मेव्हण्याचा काय गैरसमज झाला कोणास ठाऊक, पण त्याने बहिणीला पुन्हा फोनवर बोलावलं आणि ती हसत हसत आतल्या खोलीत गेली.

या वेळी बायकोनेच पुढाकार घेतला. एक ड्रम तिने वेगळा काढला, सोसायटीची टाकी पुन्हा धुतली जाण्याआधीच आपल्या हाताने पाणी भरलं, वर झाकण घालून त्यावर दोरी बांधली. "याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. कोणी म्हणजे मी. दिवसा खाणं घालायचं काम सासूबाईंकडे आलं. मी त्यांना ड्रॉपर दिला. त्या पोलिओचा डोस द्यावा तशा वाकून, एकेका कोपऱ्यात थेंब सोडायच्या. त्यांच्या हाताने कोणाला कमी पडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पाणी एकदा गढूळ झालं आणि काही पिल्लं गेली.  त्यांनीच दुसऱ्या दिवसापासून थेंब कमी केले.

बाकीची जगली. आधी ती नुसत्या रेघा होती. मग अंग भरलं, वर आणि खाली पंख फुटले, आणि एका सकाळी छोट्या टँकमध्ये पतंगांसारखे त्रिकोण तरंगत होते, पट्ट्यांसकट. बायकोने बिल्डिंगमधल्या दोन-तीन जणींना बोलावून दाखवलं. "घरचेच आहेत," ती सांगत होती, जणू लोणचं घातलं होतं.

पण पिल्लं जगली की नवी पंचाईत सुरू होते. ती वाढतात. एकमेकांना टोचतात. छोटा टँक अपुरा पडला, मोठ्यात टाकली तर आईबापच मागे लागले. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना बघायला आवडली, पण घेऊन जायला कोणी तयार होईना. शेवटी पश्चिमेच्या भाईंनी ती घ्यायचं कबूल केलं, बदल्यात माशांच्या खाण्याचा मोठा डबा. मी पिशव्यांत पाणी भरून पिल्लं पकडायला लागलो. सासूबाई बघत होत्या.

"सगली देनार?"

"नाही आई. सात-आठ ठेवतोय."

"त्यातली दोन मला द्या. पालीला."

मी म्हटलं, तिकडे कोण बघणार, पाणी कसं, मांजरं किती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाल्या, "दोन द्या." बायको मागे उभी राहून मला मान हलवून खुणावत होती, दे म्हणून.

त्यांना सोडायला आम्ही रिक्षाने गेलो. पिशवी त्यांनी कोणाला धरू दिली नाही. उत्तनच्या रस्त्यावर खड्डा आला की त्या पिशवी वर उचलायच्या आणि स्वतः धक्का खायच्या. नव्या गुडघ्याची त्यांना आठवणही नव्हती.

पुढे महिन्याभराने आम्ही पालीला गेलो. मेव्हण्याकडून आणवलेला छोटा टँक त्यांनी आतल्या खोलीत, कपाटाच्या शेजारी ठेवला होता. वर लाकडी फळी, फळीवर पाटा. "मांजरासाठी," मेव्हण्याची बायको म्हणाली. "पाटा ठेवला की फळी उचलायला दोघं लागतात, पण आई ऐकत नाहीत." दोन्ही मासे चांगले वाढले होते. दारात दोन शेजारणी बसल्या होत्या, बोंबील साफ करत. त्यातली एक मला म्हणाली, "तुमची सासू रोज सांगते. आमच्या जावयाने घरात म्हावरं काढलं."

"सांगते मी," सासूबाई म्हणाल्या. "खोटं न्हाय सांगत."

मग त्यांनी मला पाटावर बसायला सांगितलं आणि जेवायला वाढलं. त्या आत गेल्या नाहीत. समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि विचारलं, "मोठी खाते का बरोबर? आन आता सांगा, या खेपेला किती जगली?"